फोटोची पाठ

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरात माझ्या दोन्ही छंदांवर रीतसर खटला चालतो. फिर्यादी आमची ही आणि न्यायाधीशही तीच. माझ्याकडे काम एवढेच, की शिडी धरायची. माळ्यावरून एकेक आरोपी खाली उतरतो. पट्टा तुटलेला आगफा क्लिक थ्री कॅमेरा, पोटातले निम्मे स्क्रू हरवून बसलेली संगणकाची पेटी, श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवलेल्या फ्लॉप्या, आता कोणत्याच यंत्राला न बसणाऱ्या वायरींचे भेंडोळे आणि मेलेल्या तीन हार्ड डिस्क. प्रत्येक वस्तू दोन बोटांत धरून ती एकच प्रश्न विचारते, "अहो, हे लागतं का?"

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर त्याहूनही साधे आहे. पण जन्मभर मराठी शिकवल्यामुळे साध्या प्रश्नाला साधे उत्तर देण्याची सवय मला राहिलेली नाही. "आज लागत नाही, पण पुढेमागे लागेल," असे मी म्हणतो, आणि खटला पुढच्या दिवाळीवर जातो. गेली वीस वर्षे हे असेच चालले आहे.

यंदा मात्र आगफा कॅमेऱ्याची पाळी आली तेव्हा तिने तो प्रश्न विचारला नाही. ओल्या फडक्याने कॅमेरा पुसला आणि दिवाणखान्यातल्या कपाटात, चांदीच्या अत्तरदाणीशेजारी नेऊन ठेवला. या बढतीचे कारण सांगायचे तर साताऱ्याहून उठून सांगलीला गेले पाहिजे.

सांगलीला गावभागात आमचे जुने घर आहे. कृष्णा इतकी जवळ, की पावसाळ्यात रात्री जाग आली तर पाण्याचा आवाज ऐकू यावा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळामास्तर होते. १९७२ साली त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकून हा कॅमेरा घेतला. बडोद्याला तयार होणारा हा आगफा त्या काळी मध्यमवर्गाचा कॅमेरा होता. ऊन आणि ढग अशा खुणा पाहून खटका फिरवायचा आणि कळ दाबायची. याहून अधिक विद्या त्याला लागत नसे. पण एका रोलमध्ये फोटो बाराच निघत. घरातली बारशी, मुंजी, हळदीकुंकू आणि आलागेला पाहुणा हे सारे त्या बारांत बसवायचे. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी अण्णा इतका विचार करीत, की हसत उभी राहिलेली मंडळी फोटोत हटकून गंभीर निघत.

फोटो स्टुडिओतून धुऊन आले, की रात्री जेवणानंतर एक छोटासा विधी होई. अण्णा चष्मा लावून बसत, फोटो पालथा घालीत आणि शाईच्या पेनाने त्याच्या पाठीवर लिहीत: 'डावीकडून उभे', मग नावे, मग नाती, स्थळ आणि तिथीसकट तारीख. अक्षर मोत्यासारखे. एखाद्या फोटोवर लिहायचे राहून गेले, तर ते काम आई करी. ती सातवी शिकलेली. शाईचे पेन हाती घ्यायला ती बिचके. म्हणून आमच्या दप्तरातली शिसपेन्सिल घेऊन, ओठांत जीभ धरून, ती लिहून टाकी. एका फोटोच्या पाठीवर तिने लिहिले होते, 'वन्संच्या धाकटीचं बारसं. पाऊस फार. जिलबी कमी पडली.' अण्णा हसून म्हणत, "अगं, ही फोटोची ओळख झाली की वाण्याचा हिशेब?"

अण्णांचा फोटोचा नाद माझ्याकडे आला. पाठीवर लिहिण्याचा मात्र आला नाही. त्याला थोडे कारण घडले. २००१ साली मी हप्त्यांवर पहिला संगणक घेतला आणि माझी सारी भिस्त त्या यंत्राच्या स्मरणशक्तीवर गेली. खरे म्हणजे तिथेच मी शहाणे व्हायला हवे होते. त्या काळी संगणकावर मराठी लिहायचे तर प्रत्येक कंपनीचा टंक वेगळा. आतमध्ये साठवली जात इंग्रजी अक्षरांचीच खूण; तिच्यावर मराठी अक्षराचे नुसते चित्र चढवलेले असे. तो विशिष्ट टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली, की मराठीचा मागमूस नाही! ज्ञानेश्वरीवरची माझी दोन वर्षांची टिपणे एका सकाळी स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरे यांचा चिवडा होऊन समोर आली. यंत्र काहीही विसरले नव्हते. आपण काय लक्षात ठेवले आहे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते. पुढे युनिकोडचा प्रसार झाला, प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही आपत्ती टळली. मीही तिच्यातला धडा विसरून गेलो.

२००८ साली आमच्याकडे मुलगा झाला आणि त्याच्या पाठोपाठ डिजिटल कॅमेरा आला. हा कॅमेरा म्हणजे काही कालपरवाचे खूळ नव्हे. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने पहिला असा कॅमेरा जुळवला. त्यात चित्राचे ठिपके होते जेमतेम १०,०००, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आमच्या कॅमेऱ्यात ठिपके काही लाख होते आणि रोलचा खर्च शून्य. अण्णांनी वर्षाचे बारा फोटो काढावेत, तर मी मुलाच्या एका जांभईचे बारा काढू लागलो. त्यांच्या पाठीवर लिहायचे म्हटले तरी लिहिणार कुठे? डिजिटल फोटोला पाठच नसते. त्याला नाव देते यंत्र. चार अक्षरे आणि चार आकडे. मीही ती नावे तशीच ठेवली आणि सगळे फोटो 'फोटो' नावाच्या एकाच कप्प्यात टाकत गेलो.

आता चार आकड्यांत ९,९९९ च्या पुढे जागा नाही. तिथवर पोचला, की कॅमेरा निमूटपणे पुन्हा १ पासून मोजू लागतो. मोटारीचे मीटर फिरून शून्यावर यावे तसेच हे. २०१० च्या एका रात्री मी नवे फोटो संगणकात उतरवीत होतो. संगणकाने विचारले, 'या नावाच्या फाइली इथे आधीच आहेत. त्यांच्या जागी नव्या ठेवू का?' प्राध्यापक मजकूर उत्तरपत्रिका तपासून दमले होते. त्यांनी 'होय' म्हटले.

काय गेले ते तीन आठवड्यांनी कळले. नव्या तीनशे चाळीस फोटोंनी जुन्या तीनशे चाळिसांना गिळले होते. दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. गेलेल्या फोटोंत मुलाचे पहिले सहा महिने होते. त्याची पहिली दिवाळी होती. सांगलीच्या घरात पहाटे आईने त्याला उटणे लावले, ते होते. हिने मधूनमधून विचारावे, "अहो, पहिल्या आंघोळीचे फोटो काढा ना एकदा बघायला." मी म्हणावे, "आहेत कुठेतरी, शोधतो." वाचकहो, हे वाक्य मी नऊ वर्षे म्हणत होतो. वर्गात सत्याची थोरवी सांगणारे संतवाङ्मय शिकवायचे आणि घरी येऊन हे म्हणायचे!

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पहिल्या रविवारी मी कॅमेरा घेऊन संगम माहुलीला गेलो होतो. वेण्णा आणि कृष्णा या दोघी तिथे भेटतात. नद्या तुडुंब भरलेल्या, घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या, आणि त्या तांबड्या पाण्यावर ढगांचा काळा उजेड. भान हरपून मी दोनशे फोटो काढले आणि घरी येऊन त्यांतल्या त्यात सुंदर कोणता, याची निवड करीत बसलो.

साताऱ्यातल्या माणसाला नदीचा भूगोल पाठ असतो. पण पाठ असणे निराळे आणि ध्यानात येणे निराळे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला पोटात घेते, उरमोडीला घेते, कऱ्हाडला कोयनेला घेते आणि मग सांगलीला जाते. ज्या पाण्याच्या रंगावर मी खूश झालो होतो, ते पाणी माझ्या आईच्या घराकडे निघाले होते.

दादाचा फोन आला तेव्हा आवाजात काळजी नव्हती. सांगलीकरांना पुराची सवय असते. आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे. त्याच्यापाशी पाणी मोजतात, आणि ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. त्या पाण्याची खूण आमच्या माजघराच्या भिंतीवर होती. दादाने हिशेब केला आणि फोटोंची ट्रंक त्या खुणेच्या दोन हात वर, फळीवर ठेवली. आईला आणि वहिनीला विश्रामबागेत नातलगांकडे पोचवले. हिशेबात चूक काहीच नव्हती. गावातल्या कितीतरी शहाण्या माणसांनी तोच हिशेब केला होता. या खेपेला पाणी ५७ फुटांच्या वर गेले.

रस्ते मोकळे झाल्यावर मी पोचलो. घरात घोटाभर गाळ होता आणि त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. धान्य गेले, अंथरुणे गेली, अण्णांची पुस्तके फुगून बांधणीतून फुटली होती. त्या सगळ्याकडे पाहून आई काही बोलली नाही. ट्रंक उघडली तेव्हा मात्र ती जमिनीवर बसली.

इथे माझा छंद पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडला. फोटोच्या कागदावर चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो. आणि दोन फोटो तसेच एकमेकांवर वाळले, की कायमचे चिकटतात. म्हणून भिजलेले फोटो उन्हात टाकण्याची घाई करू नये. स्वच्छ गार पाण्याच्या घंगाळात ते सोडावेत, आपोआप सुटू द्यावेत, चित्राच्या बाजूला बोट लावू नये आणि मग सावलीत एकेक सुटा वाळत घालावा. खाली वर्तमानपत्र घेऊ नये, त्याची शाई उतरते. जुने सुती धोतर उत्तम. दोन दिवसांत एवढे उरकणे शक्य नसेल, तर फोटो ओलेच पिशवीत घालून गोठवावेत. सांगलीत वीज नव्हती. मी निम्मे फोटो साताऱ्याला आणले आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातले मटार बाहेर काढून तिथे आमची तीन पिढ्यांची मंडळी ठेवली. हिने त्या दिवशी 'हे लागतं का' असे विचारले नाही. मटारांची उसळ केली.

सहाशेपैकी साडेतीनशे फोटो हाती आले. जुन्या काळ्यापांढऱ्यांनी बरा टिकाव धरला. रंगीत बरेचसे वाहून गेले. पण धक्का बसला तो फोटो उलटे केल्यावर. अण्णांचे मोत्यासारखे अक्षर कुठेच नव्हते. प्रत्येक पाठीवर नुसता निळसर डाग. शाईतला रंग पाण्यात विरघळतो, तसा तो विरघळला होता. आणि आईची शिसपेन्सिल? नावाला शिस, पण तिच्यात असते ग्राफाइट, म्हणजे एक प्रकारचा कोळसाच. पाण्याला ते दाद देत नाही. गाळ धुऊन काढला आणि खालून स्वच्छ अक्षरे वर आली: 'पाऊस फार. जिलबी कमी पडली.'

त्याच ट्रंकेत एक रंगीत फोटो होता, इतरांना चिकटलेला. तो तासभर पाण्यात ठेवल्यावर सुटला. मुलाची पहिली दिवाळी! मला आठवले, तेव्हा आईने हट्टच धरला होता, "मला ते डब्यातलं नको, हातात धरायला दे." मी कुरकुरत एक प्रत छापून दिली होती. आता त्याची खालची बाजू पिवळ्या गुलाबी पाण्यासारखी झाली होती. पण मुलाचे रडवेले तोंड होते, आणि त्याच्या गालावर उटण्याने माखलेला आईचा हात होता.

त्या रात्री साताऱ्याला परत आलो आणि हिला सारे सांगितले. २०१० पासूनचे. ती बराच वेळ फोटोकडे पाहत होती. त्याला मांडीवर घेऊन तीच बसली होती, आणि नेमकी ती वाहून गेली होती. शेवटी म्हणाली, "माझं कोपर राहिलंय." मग थोड्या वेळाने, "आता याची दुसरी प्रत कुठे ठेवणार आहात?" तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी सगळ्या फोटोंची नवी प्रत निघते. एक साताऱ्यात राहते, एक सांगलीत दादाकडे वरच्या मजल्यावर. हे खाते हिच्याकडे आहे. माझ्यावर ती भरवसा ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

सगळे फोटो मी स्कॅन केले आणि मग खरे काम उरले. ही माणसे कोण? अण्णा २००३ सालीच गेले. त्यांची शाईही गेली. ओळखणारी एकटी आई. तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे आणि अलीकडे तिला विसर पडू लागला आहे. सकाळची गोळी घेतली की नाही, हे ती दोनदा विचारते. पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात कोण रुसले, ते अजून सांगते. पण तेही एखाद्या शनिवारी लख्ख, तर एखाद्या शनिवारी धूसर.

म्हणून मी शनिवारी सांगलीला जातो. चेहरे ओळखणारा एक प्रोग्रॅम मी लॅपटॉपवर बसवला आहे. तो सारखे दिसणारे चेहरे एकत्र लावतो आणि विचारतो, ही व्यक्ती कोण? त्याने पंचविशीतली आई आणि दादाची आजची मुलगी यांना एकच ठरवले. मी चूक दुरुस्त करू लागलो, तर आई म्हणाली, "त्याला रागावू नकोस. नाक आमच्याच घरचं आहे." यंत्राला चेहरा जुळवता येतो. ती बाई जावेशी दोन वर्षे बोलत नव्हती आणि मग त्याच जावेचे बाळंतपण तिने केले, हे मात्र आईला विचारावे लागते. ती सांगते, मी प्रत्येक फोटोच्या फाइलीतच नाव, नाते आणि साल लिहितो. म्हणजे डिजिटल फोटोला एक पाठ तयार करतो.

एका फोटोपाशी आम्ही अडलो आहोत. कृष्णेच्या घाटावर आई आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी, दोघी हसताहेत. पाठीवर निळा डाग. पहिल्या शनिवारी आईने एक नाव सांगितले, दुसऱ्या शनिवारी दुसरे. तिसऱ्या वेळी ती कावरीबावरी झाली. "माझी जिवाची मैत्रीण रे ती. रोज बरोबर असायचो." डोळ्यांत पाणी आले. मी घाईघाईने पुढचा फोटो काढू लागलो, तर तिने माझा हात धरला. "राहू दे. हिचं लिही काहीतरी."

मी लिहिले आणि तिला वाचून दाखवले: 'सांगली, कृष्णेचा घाट. उजवीकडे आई. डावीकडे आईची जिवाची मैत्रीण. नाव आठवत नाही. दोघी हसत आहेत.'

आई म्हणाली, "फार, असं लिही. फार हसत होतो."

ते तसे लिहिले आहे.

पाडव्याला आम्ही सगळे सांगलीला जात आहोत. आपल्याही घरी दिवाळीला चार पिढ्या एका ताटाभोवती जमतील. मोबाइलवर नवे फोटो निघतीलच. त्यांना आडकाठी नाही. पण फराळानंतर अर्धा तास जुना अल्बम काढा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा आणि विचारा. आणि लिहून ठेवताना शाईच्या पेनाच्या नादी लागू नका. जुन्या कागदी फोटोच्या कडेला, पाठीमागून, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. रंगीत फोटोच्या गुळगुळीत पाठीवर ती उमटत नाही. तिथे वेगळ्या कागदावर लिहून फोटोबरोबर ठेवा.

काल सामानाची बांधाबांध चालली होती. चकल्यांच्या डब्यावर मी शिसपेन्सिलींचे एक खोके ठेवले. हिने ते उचलून पाहिले. मी शिडी नसतानाही सवयीने शिडी धरल्यासारखा उभा राहिलो.

"हे मात्र लागतं," ती म्हणाली, आणि खोके पिशवीत वरच ठेवले.